खिशातला ग्रंथपाल आणि वाड्याचे नियम

इंटरनेट नसेल तर वेबसाईट दिसणार कशी, असा प्रश्न कुणीही विचारील. आपल्या मनात या दोन गोष्टींची गाठ इतकी पक्की बसली आहे की, फोनवरच्या रेंजच्या रेघा गेल्या म्हणजे पानंही गेली, असं आपण धरून चालतो. पण वाचकहो, वेबसाईटला मुळात लागतात ते दोघेच. एक मागणारा आणि एक देणारा. हे दोघे हजार कोसांवर असले तर मधे मोठं जाळं हवं. दोघे शाळेच्या एकाच खोलीत असले तर खोलीपुरतं जाळं पुरे. आणि दोघेही एकाच फोनच्या पोटात असले तर बाहेरच्या जगाशी त्यांना कर्तव्यच उरत नाही.

ही गोष्ट आज सांगायचं कारण असं की, डोंगरातल्या वाडीवर किंवा खोऱ्यातल्या पाड्यावर शिकवणाऱ्या गुरुजींना आणि बाईंना तिचा थेट उपयोग आहे. त्यांच्या खिशातला साधा अँड्रॉइड फोन वर्गापुरता ग्रंथपाल होऊ शकतो. मात्र त्याच फोनमध्ये त्यांचं बँकेचं खातं असतं, घरचे फोटो असतात, शाळेच्या मुलांची माहितीही असते. तेव्हा या फोनचं दार मुलांसाठी उघडताना कोणतं उघडायचं आणि कोणतं लावून घ्यायचं, हे समजून घेतलेलं बरं. यंत्र बनवणाऱ्यांनी त्यासाठी नियम घातले आहेत. नियम काचतात, पण त्यांच्यामागे कारणं आहेत. तीच आपण एकेक करून पाहू.

देणारा आणि मागणारा

ग्रंथालयाची खिडकी डोळ्यांपुढे आणा. वाचक चिठ्ठीवर पुस्तकाचं नाव लिहितो आणि खिडकीतून आत देतो. ग्रंथपाल कपाटातून पुस्तक काढतो आणि खिडकीतून बाहेर देतो. पुस्तक नसेल तर ‘नाही’ म्हणून सांगतो. वेबसाईटचा सगळा व्यवहार एवढाच. चिठ्ठी लिहिणारा तो ब्राउझर, आणि खिडकीत बसलेला तो सर्व्हर. चिठ्ठी कोणत्या रीतीनं लिहायची याचा जो ठराव आहे, त्याला एचटीटीपी म्हणतात.

सर्व्हर म्हटलं की पुष्कळांना गार हवेच्या खोलीतली मोठमोठी कपाटं आठवतात. ती असतात खरी. पण सर्व्हर हा मुळात एक प्रोग्राम आहे, आणि तो कुठंही बसू शकतो. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये जिनीव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत वेबची कल्पना मांडली. १९९० च्या अखेरीस जगातला पहिला वेब सर्व्हर तिथंच, त्यांच्या नेक्स्ट नावाच्या संगणकावर चालू झाला. त्या संगणकावर त्यांनी लाल शाईनं लिहिलेली एक चिठ्ठी डकवून ठेवली होती. हे यंत्र सर्व्हर आहे, ते बंद करू नका, असा तिचा आशय. आज तुमच्या खिशातला स्वस्तातला फोनसुद्धा त्या संगणकाहून कितीतरी पट ताकदवान आहे. तेव्हा फोनला सर्व्हर होण्याचं बळ आहे की नाही, ही शंका मनातून काढून टाका. अडचण बळाची नाही, परवानगीची आहे. ती कशी, हे पुढे येईलच.

घरातल्या घरात पत्ता

जाळ्यावरच्या प्रत्येक यंत्राला आकड्यांचा एक पत्ता असतो. त्यांतला एक पत्ता मोठा मौजेचा आहे: १२७.०.०.१. त्याचं नाव लोकलहोस्ट. या पत्त्याचा अर्थ ‘मी स्वतः’. कोणत्याही यंत्रानं या पत्त्यावर चिठ्ठी टाकली की ती बाहेर जातच नाही. दारातून वळून त्याच यंत्रात परत येते. १२७ या आकड्यानं सुरू होणारे सगळेच्या सगळे पत्ते, म्हणजे १ कोटी ६७ लाखांहून अधिक, या एका कामासाठी राखून ठेवले आहेत. व्यवहारात मात्र बहुधा एकच वापरला जातो.

पण एका घरात नुसता पत्ता पुरत नाही. आत अनेक खिडक्या असतात, आणि कोणत्या खिडकीशी जायचं हेही सांगावं लागतं. या खिडक्यांना पोर्ट म्हणतात आणि त्यांना ६५,५३५ पर्यंत क्रमांक असतात. जाहीर वेबसाईटची नेहमीची खिडकी ८० क्रमांकाची. कुलूपबंद बोलण्याची ४४३ क्रमांकाची. फोनमधला छोटा सर्व्हर बहुधा ८०८० सारखा एखादा मोठा क्रमांक घेतो. (इथं आम्ही आकडे मराठीत छापले आहेत. फोनवर पत्ता घालताना ते इंग्रजी अंकांतच घालावेत, बरं का.)

आता तुम्ही म्हणाल, पानं फोनमध्येच आहेत तर मग हा खिडकीचा खटाटोप कशाला? फाईल सरळ उघडावी आणि वाचावी. साधं पान असेल तर तेवढं पुरतं. पण आजचं पान एकटं नसतं. त्याला चित्रं लागतात, गणित सोडवणारे छोटे प्रोग्राम लागतात, शोधायची सूची लागते. पान जेव्हा फाईल म्हणून सरळ उघडलं जातं, तेव्हा ब्राउझर त्याला शेजारच्या फायली मोकळेपणानं वाचू देत नाही. का? तर कुणीतरी पाठवलेलं एखादं पान तुम्ही उघडलं आणि त्यानं तुमच्या फोनमधल्या दुसऱ्या फायली वाचून बाहेर धाडल्या, असं होऊ नये म्हणून. नियम शहाणपणाचाच आहे. त्यामुळे अ‍ॅप बनवणारे लोक पोटात एक छोटा ग्रंथपाल बसवतात. तो फक्त ठरलेल्या कपाटातली पुस्तकं देतो. पान त्याच्याकडे मागतं, तो देतो, आणि ब्राउझरचीही तक्रार राहत नाही. रेंज नसलेल्या शाळांसाठी तयार झालेलं कोलिब्री नावाचं शिक्षणाचं अ‍ॅप अँड्रॉइड फोनवर याच रीतीनं चालतं.

वाड्याचे नियम

फोन म्हणजे एक मोठा वाडा आहे असं समजा. त्यात अनेक बिऱ्हाडं राहतात. एक बिऱ्हाड बँकेच्या अ‍ॅपचं, एक फोटोंचं, एक खेळाचं, एक आपल्या ग्रंथपालाचं. वाड्याचा मालक म्हणजे अँड्रॉइड किंवा आयफोनची आयओएस ही मूळ प्रणाली. मालक कडक आहे. त्याचे नियम असे.

पहिला नियम: ज्याची खोली त्याची. अँड्रॉइडमध्ये प्रत्येक अ‍ॅपला एक स्वतंत्र ओळख-क्रमांक मिळतो आणि त्याच्या खोलीला स्वतंत्र कुलूप असतं. एका बिऱ्हाडाला दुसऱ्याच्या खोलीत डोकावता येत नाही. २०२० मध्ये आलेल्या अँड्रॉइड ११ पासून सामायिक कोठारावरही निर्बंध वाढले. म्हणून मेमरी कार्डावरून आणलेली पुस्तकांची फाईल अ‍ॅपला दिसत नाही, किंवा ती आधी अ‍ॅपच्या खोलीत नकलून घ्यावी लागते, असं पुष्कळदा होतं. त्यात अ‍ॅप बिघडलेलं नसतं. तो कुलुपाचा परिणाम असतो.

दुसरा नियम: बोलायचं तर परवाना हवा. अँड्रॉइडवरच्या अ‍ॅपला जाळ्यावर बोलण्यासाठी इंटरनेट नावाचा परवाना आधीच जाहीर करावा लागतो. गंमत अशी की, स्वतःच्याच घरात १२७.०.०.१ वर खिडकी उघडायची असली तरीही हाच परवाना लागतो. त्यामुळे इंटरनेटशिवाय चालणाऱ्या अ‍ॅपच्या कागदावरही ‘इंटरनेट’ असं लिहिलेलं दिसतं, आणि सावध माणूस बुचकळ्यात पडतो. त्याचा खुलासा हा असा आहे.

तिसरा नियम: मानाच्या खिडक्या मालकाच्या. १०२४ च्या खालच्या क्रमांकाच्या खिडक्या साध्या बिऱ्हाडकरूला मिळत नाहीत. म्हणून फोनमधल्या सर्व्हरच्या पत्त्यापुढे ८०८० सारखी शेपटी येते. ती विसरली तर पान उघडत नाही.

चौथा नियम: उघड्यावर बोलू नका. साध्या एचटीटीपीत चिठ्ठी पोस्टकार्डासारखी उघडी जाते. वाटेतल्या कुणालाही ती वाचता येते. म्हणून अ‍ॅपलनं २०१५ साली आयओएस ९ मध्ये अ‍ॅपना उघडं बोलणं सहसा बंद केलं, आणि अँड्रॉइडनं २०१८ साली ९ व्या आवृत्तीपासून नव्या अ‍ॅपसाठी तोच पायंडा पाडला. बोलायचं ते बंद पाकिटात. पण ग्रंथपाल आणि वाचक एकाच घरात असताना पाकीट आणायचं कुठून? पाकिटाला दाखला लागतो. दाखला देणारी संस्था विचारते, हे नाव तुमच्या मालकीचं आहे, हे सिद्ध करा. आणि लोकलहोस्ट हे नाव तर जगातल्या प्रत्येक यंत्राचं! त्यावर मालकी कुणी सांगायची? म्हणून या नावाचा जाहीर दाखला मिळतच नाही.

काही जण त्यातून पळवाट काढतात. एखादं वेगळं नाव विकत घेतात, ते १२७.०.०.१ कडे वळवतात, त्याचा दाखला काढतात आणि दाखल्याची गुप्त किल्ली अ‍ॅपमध्येच घालून वाटतात. आता किल्ली प्रत्येक फोनमध्ये गेली म्हणजे ती गुप्त राहिली कुठे? असं उघडकीला आलं की दाखला रद्द होतो आणि अ‍ॅप बंद पडतं. सरळ वाट वेगळी आहे. मालकाच्या वहीत एवढंच नोंदवायचं की, फक्त घरातल्या घरात, १२७.०.०.१ शी, उघडं बोलायची मुभा असावी. बाकी सगळीकडे पाकीटच. दोन्ही प्रणालींत अशी अरुंद सूट घेण्याची सोय आहे. आळशी बांधणारा मात्र सरसकट सूट घेतो आणि सगळीकडेच पोस्टकार्डं धाडायला मोकळा होतो. सोय तीच, पण एकानं खिडकी उघडली आणि दुसऱ्यानं भिंत पाडली.

पाचवा नियम: काम नसेल तर निजा. बॅटरी वाचवण्यासाठी फोन मागं पडलेल्या अ‍ॅपला झोपवतो. २०१५ च्या अँड्रॉइड ६ पासून हे सुरू झालं आणि २०१७ च्या अँड्रॉइड ८ मध्ये अधिक कडक झालं. बर्नर्स-ली यांनी ‘बंद करू नका’ म्हणून चिठ्ठी डकवली होती. इथं मालकच रात्रीचा फेरी मारून दिवे मालवतो. अँड्रॉइडवर जागं राहायचं असेल तर अ‍ॅपला वरच्या पट्टीत सतत दिसेल अशी सूचना ठेवावी लागते. म्हणजे ‘मी चालू आहे’ हे मालकिणीला दिसत राहतं. आयफोन याहून कठोर. तिथं अ‍ॅप पडद्यावरून हटलं की थोड्याच वेळात ते थिजतं आणि खिडकीही बंद होते. म्हणून वर्गाला पुस्तकं वाटायच्या कामी आयफोनपेक्षा अँड्रॉइड फोन सोयीचा पडतो.

चौकातली हाक

इथवर वाचून कुणाला वाटेल, १२७.०.०.१ म्हणजे घरातल्या घरात. मग धोका कसला? इथंच पुष्कळांची फसगत होते. हा पत्ता फोनपुरता आहे, अ‍ॅपपुरता नाही. वाड्याच्या भाषेत सांगायचं तर तो चौक आहे. बाहेरचा दिंडी दरवाजा बंद असतो, हे खरं. पण चौकातली खिडकी सगळ्या बिऱ्हाडांना दिसते. इंटरनेटचा परवाना असलेलं दुसरं कुठलंही अ‍ॅप त्या खिडकीशी जाऊन चिठ्ठी देऊ शकतं. एवढंच काय, ब्राउझरमध्ये उघडलेलं परक्याचं पानसुद्धा चौकात हाक मारू शकतं.

हे काल्पनिक नाही. जून २०२५ मध्ये स्पेनमधली इम्डिया नेटवर्क्स ही संस्था, नेदरलँड्समधलं रॅडबाउड विद्यापीठ आणि बेल्जियममधलं लूव्हेन विद्यापीठ यांतल्या संशोधकांनी एक गोष्ट उजेडात आणली. फेसबुक आणि इन्स्टाग्राम ही मेटा कंपनीची अ‍ॅपं आणि रशियातल्या यांडेक्स कंपनीची काही अ‍ॅपं अँड्रॉइड फोनच्या चौकात खिडक्या उघडून बसली होती. माणूस ब्राउझरमध्ये तिसरीच एखादी वेबसाईट पाहत असे. त्या पानात या कंपन्यांचा छोटा प्रोग्राम असला की तो चौकातून आपल्या अ‍ॅपला ओळखीची खूण पोचवी. परिणाम असा की, ब्राउझरमध्ये निनावी फिरणाऱ्या माणसाचं नाव-गाव अ‍ॅपशी जुळवता येई. ब्राउझरचा खाजगी कप्पा उघडूनही सुटका नव्हती. ही बातमी बाहेर पडली त्याच सुमारास मेटानं हा प्रकार थांबवला, यांडेक्सनंही तो बंद करण्याचं जाहीर केलं. पुढं ऑक्टोबर २०२५ मध्ये आलेल्या १४२ व्या आवृत्तीपासून क्रोम ब्राउझर, परक्या पानाला चौकात हाक मारू देण्याआधी, तुमची परवानगी विचारू लागला.

दुसरा प्रकार दिंडी दरवाज्याचा. खिडकी उघडताना बांधणारा दोन पत्त्यांपैकी एक निवडतो. १२७.०.०.१ म्हटलं तर ती चौकात उघडते. ०.०.०.० म्हटलं तर ती सगळीकडे, म्हणजे वायफायच्या बाजूलाही, उघडते. दिसायला किरकोळ फरक. पण जानेवारी २०१९ मध्ये ईएस फाईल एक्स्प्लोरर या कोट्यवधी फोनांत बसवलेल्या अ‍ॅपबद्दल असं आढळलं की, ते एकदा उघडलं की ५९७७७ या क्रमांकाची खिडकी वायफायच्या बाजूला उघडी राही, आणि चिठ्ठी कुणाची हे ती विचारत नसे. एकाच वायफायवर बसलेला अनोळखी माणूस तुमच्या फोनमधल्या फायलींची यादी मागे, फाईल उचले. पुढं दुरुस्त आवृत्ती निघाली. पण तोवर फोनच्या मालकाला ही खिडकी आहे, हेही ठाऊक नव्हतं.

शहाणा बांधणारा काय करतो

आता हे ऐकून घाबरून जायचं कारण नाही. विहिरीला कठडा बांधतात, विहीर बुजवत नाहीत. ज्यांना असं अ‍ॅप बांधायचं आहे, किंवा गावातल्या एखाद्या हुशार मुलाकडून बांधून घ्यायचं आहे, त्यांनी पुढच्या गोष्टी पाहाव्यात.

पहिली, खिडकी खरोखर लागते का, हे पाहावं. पानं फक्त आपल्याच अ‍ॅपच्या पडद्यावर दाखवायची असतील तर खिडकीवाचूनही काम भागतं. अ‍ॅपमधला ब्राउझर काही मागायला निघाला की अ‍ॅपनं त्याला वाटेतच अडवून पुस्तक हातात द्यायचं. अँड्रॉइडमध्ये आणि २०१७ च्या आयओएस ११ पासून आयफोनमध्ये याची तयार सोय आहे. जी खिडकी उघडलीच नाही, तिच्यातून कुणी डोकावत नाही.

दुसरी, खिडकी लागतच असेल तर ती १२७.०.०.१ वरच उघडावी आणि तिचा क्रमांक कायमचा ठरवू नये. मालकाकडे ‘कोणतीही रिकामी द्या’ असं मागता येतं. तो दर वेळी वेगळी देतो.

तिसरी, परवलीचा शब्द ठेवावा. अ‍ॅप चालू होताना दर वेळी एक नवा, लांब, अंदाज न करता येणारा शब्द तयार करावा आणि तो ज्या चिठ्ठीवर असेल तिलाच पुस्तक द्यावं. चौकातल्या इतर बिऱ्हाडांना हा शब्द ठाऊक नसतो. क्रमांक बदलणं म्हणजे खिडकी लपवणं. परवलीचा शब्द म्हणजे खिडकीला कडी. लपवलेली खिडकी शोधता येते, म्हणून कडी हवीच.

चौथी, चिठ्ठीवरचं नाव वाचावं. प्रत्येक चिठ्ठीवर ती कोणत्या घराच्या नावानं आली, हे लिहिलेलं असतं. काही लबाड लोक आपल्या वेबसाईटच्या नावामागचा पत्ता मधेच बदलून १२७.०.०.१ करतात. ब्राउझरला वाटतं घर तेच आहे, आणि परक्याचं पान तुमच्या चौकात येऊन बसतं. पण चिठ्ठीवर नाव परक्याचंच राहतं. ग्रंथपालानं ते वाचून ‘हे आमचं घर नव्हे’ म्हणून चिठ्ठी परत केली की झालं.

पाचवी, ग्रंथपालानं एकाच कपाटाला हात लावावा. चिठ्ठीवर ‘एक पायरी वर जा, मग शेजारच्या खोलीत जा’ असं लिहून आत शिरण्याची युक्ती फार जुनी आहे. अशी चिठ्ठी सरळ फेटाळावी. आणि काम संपलं की खिडकी लावून घ्यावी.

वर्गात वापरताना

आता शिक्षकांच्या कामाची गोष्ट. किविक्स नावाचं एक विनामूल्य अ‍ॅप आहे. त्याचं काम २००७ साली सुरू झालं. विकिपीडियासारखा ज्ञानकोश एका झिम नावाच्या फाईलमध्ये बांधून तो इंटरनेटवाचून वाचता यावा, हा त्याचा उद्देश. इंग्रजी विकिपीडिया चित्रांसह घेतला तर शंभर जीबीच्या आसपास जातो. मराठी विकिपीडिया, जो २००३ मध्ये सुरू झाला, त्या मानानं पुष्कळ लहान आहे. तालुक्याच्या गावी रेंजमध्ये असताना फाईल एकदा उतरवून घ्यायची. मग वाडीवर महिना-महिना रेंज नसली तरी चालतं.

याच अ‍ॅपमध्ये अँड्रॉइडवर पुस्तकं वाटायची सोय आहे. ती चालू केली की अ‍ॅप सर्व्हर उभा करतं आणि पडद्यावर पत्ता दाखवतं. तो बहुधा १९२.१६८ नं सुरू होतो. गुरुजींनी फोनचा हॉटस्पॉट लावायचा, मुलांनी किंवा दुसऱ्या शिक्षकांनी आपल्या फोनवरून त्याला जोडून घ्यायचं, ब्राउझरमध्ये पत्ता घालायचा, आणि ज्ञानकोश उघडतो. मुलांच्या फोनमध्ये काही बसवावं लागत नाही.

पण आता लक्षात घ्या, इथं आपण चौकातली खिडकी सोडून दिंडी दरवाजा उघडला आहे, आणि तोही समजून उमजून. म्हणून चार गोष्टी पाळाव्यात.

हॉटस्पॉटला परवलीचा शब्द ठेवावा. तो वर्गापुरता असावा आणि अधूनमधून बदलावा. फोनचा मोबाईल डेटा आधी बंद करावा, म्हणजे मुलं ज्ञानकोशापुरतीच राहतील आणि तुमच्या रिचार्जचा डेटाही वाचेल. एका हॉटस्पॉटला मोजकेच फोन जोडता येतात, तेव्हा तीन-चार मुलांत एक फोन अशी टोळी करावी. शिकण्याच्या दृष्टीनं तेही वाईट नाही. आणि तास संपला की आधी अ‍ॅपमधली वाटणी थांबवावी, मग हॉटस्पॉट बंद करावा. वरच्या पट्टीतली सूचना गेली की नाही, हे पाहिल्याखेरीज फोन खिशात टाकू नये.

मुलांच्या ब्राउझरवर या पत्त्याशेजारी ‘सुरक्षित नाही’ असा शेरा दिसेल. तो खरा आहे, आणि मुलांना त्याचा अर्थ सांगण्याची ती उत्तम संधी आहे. इथं बोलणं पोस्टकार्डावर चाललं आहे. ज्वालामुखीवरचा लेख पोस्टकार्डावर आला तर कुणाचं काय बिघडतं? तो जगजाहीरच आहे. पण त्याच वाटेनं मुलांचे गुण, पालकांचे फोन क्रमांक, आधारचे आकडे पाठवायचे म्हटलं तर मात्र हात आखडावा. एखाद्यानं ‘हजेरीसाठी असंच अ‍ॅप करून देतो’ म्हटलं, तर त्याला तीन प्रश्न विचारा: खिडकी कोणत्या बाजूला उघडते? चिठ्ठी कुणाची हे पाहिलं जातं का? आणि काम संपल्यावर ती बंद कशी होते? ज्याला या तिन्हींची उत्तरं सोप्या मराठीत देता येतात, त्याच्या हाती मुलांची माहिती द्यायला हरकत नाही. ज्याला येत नाहीत, त्याला ज्ञानकोशाच्या कामाला लावा.

मालकानं घातलेले नियम कधीकधी आपल्या चांगल्या कामाच्याही आड येतात. परवाना माग, सूट माग, जागं राहायचं तर सूचना लाव, असा त्रास होतो. पण त्याच कुलुपामुळे खेळाच्या अ‍ॅपला बँकेच्या खोलीत शिरता येत नाही, आणि त्याच सूचनेमुळे आपला ग्रंथपाल जागा आहे की निजला, हे आपल्याला कळतं. तेव्हा पुढच्या तासाला फोन टेबलावर ठेवाल, तेव्हा फळ्यावर पत्ता लिहिण्याआधी मुलांना वाड्याचं चित्र काढून दाखवा. कुठली खिडकी उघडली आणि का उघडली, हे त्यांना कळू द्या. आज ज्ञानकोश वाचणारी ही मुलंच उद्या असे ग्रंथपाल बांधणार आहेत.